सातवे भोक

मी एक जुना ड्रॉइंगचा कागद आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण अमरावतीत एका टेबलाच्या खणात अकरा वर्षे मी ज्या पत्राला चिकटून पडलो होतो, त्याला कोणी उत्तर दिले नव्हते.

मला एका यंत्र-कारखान्यात नकाशे काढणाऱ्या गोवर्धनरावांनी रेखाटले. मळणीयंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर बसणारे लोखंडी झाकण माझ्यावर होते. एका ओळीत सात भोके; प्रत्येकाचे माप आधीच्या भोकापासून दिलेले. कोपऱ्यात बारीक टीप होती : 'जेथे वेगळे लिहिले नाही, तेथे अर्धा मिलिमीटर कमी-जास्त चालेल.' कारखान्यात सारे माझ्या रेघांचे कौतुक करत. मीही फुशारलो.

अकोल्यात झाकणे बनवणाऱ्या उस्मानभाईंनी मात्र मला नीट वाचले. झेरॉक्स ठेवून त्यांनी मला पत्रासोबत परत धाडले. "गोवर्धनभाऊ, दर भोकाले अर्धा सुटते, तं सातव्यापावतर तीन मिलिमीटर होते. सगळे पयल्यापासूनच मोजू का? लाल शाईनं लिहून धाडा."

गोवर्धनरावांनी तीनदा उत्तर लिहिले, तीनदा फाडले. आपली चूक एका कारागिराने पकडली, हे त्यांच्याने लिहवेना. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला. कारखान्याचे तगादे सुरू झाले. पंधरा दिवस वाट पाहून उस्मानभाईंनी टिपेप्रमाणेच झाकणे केली.

शेवटचे बोल्ट बसेनात. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शेतात झाकण काढूनच यंत्र चालवले. मजुरीवर आलेल्या जमुनाबाई यंत्राला पेंढ्या लावत होत्या. आधी पदर पट्ट्यात गेला, मागोमाग उजवा हात.

कारखाना म्हणाला, उस्मानचे काम ढिले. मग त्यांना कोणी काम देईना. मला बोलता येत नव्हते. ज्यांना येत होते, तेही गप्प राहिले.

परवा, अकरा वर्षांनी, उस्मानभाईंची मुलगी नईमा गोवर्धनरावांच्या घरी आली. समोरच्या चहाला तिने हात लावला नाही.

"अब्बा अजून ते झाकण मोजून राह्यले, काका. आता दिसत नाही, तं बोटानं चाचपते. त्यायचं काय चुकलं, तेवढं सांगा."

ती गेल्यावर गोवर्धनरावांनी खण उघडला आणि माझ्यावर लाल शाईने लिहिले : 'सर्व भोके पहिल्या भोकापासून मोजावीत.' त्याखाली लिहिले : 'उस्मानभाई, तुमचे एकही माप चुकले नाही. चूक माझी. हा कागद कोणालाही दाखवा. जमुनाबाईंकडे मी स्वतः जातो.'

मित्रांनो, या शाईने जमुनाबाईंचा हात परत येणार नाही. कागद कितीही जपून ठेवा. पण त्यावर कोणी प्रश्न विचारला, तर तो खणात ठेवू नका.

आज दुपारी गोवर्धनरावांनी मला घडी घालून उस्मानभाईंच्या पत्त्याच्या पाकिटात घातले आणि टपालपेटीशी नेले. त्यांचा हात बराच वेळ पेटीच्या तोंडाशी होता. मग मी खाली पडलो.