परशुरामच्या ताज्या बातम्या

सलिलने पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला आणि त्याच्या वडिलांच्या, म्हणजे परशुरामच्या ओटीवर शहाण्यांची रीघ लागली. कोणी म्हणालं, बागायतदार तुम्ही, हिशेबाचं सॉफ्टवेअर घाला. हातखंब्याच्या मेव्हण्याने पत्रिका मांडणारं सुचवलं, तेही फुकटातलं. सलिलचा फोन आला, "बाबा, आधी अँटीव्हायरस." परशुराम सगळ्यांना होय होय म्हणत होता. फुकटचा सल्ला आणि फुकटचं सॉफ्टवेअर, दोन्हींना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्याला स्वतःला हवं होतं एकच, छापलेलं वाचून दाखवणारं. पण मागायचं कसं? मागितलं की बायको विचारणार, कशाला? मग सांगावं लागणार की डोळ्यांचे डॉक्टर म्हणालेत, आता चष्म्याचा नंबर बदलून भागणार नाही, आहे ती नजर सांभाळा. ही गोष्ट त्याने कमलापासून लपवली होती.

खरी पंचाईत सकाळची होती. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता, कमला विळीवर बसली की परशुरामने शेजारी बसून मोठ्याने पेपर वाचायचा. बातमीशिवाय तिची भाजी चिरून होत नसे. गणपतीच्या सुमाराला अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागली, तेव्हा ह्या गृहस्थाने सरळ बातम्या रचायला घेतल्या. पेपर नाकासमोर धरायचा, चष्मा सावरायचा आणि द्यायचं ठोकून. हर्ण्याला सुरमई मातीमोल झाली. जयगडच्या बंदरात एवढं मोठं जहाज लागलं, की भर दुपारी गावावर सावली पडली. कमला "ऐकावं ते नवलच!" म्हणून वांगी चिरत राही. परशुरामला शरम वाटे, पण त्याहून भीती जास्त. हे वाचणं सुटलं, तर घरात आपला उपयोग काय उरला?

रविवारी शेजारची सून निशिगंधा आली. ती मुंबईच्या कंपनीचं काम घरून करते, कॉम्प्युटरमधलं तिला सगळं कळतं. परशुरामने विळीवरच्या कमलाकडे बघत घसा खाकरला.

"मोठ्याने वाचणारं काही असतं म्हणे ह्यात. म्हणजे मला नको हो. कमलाला होईल, स्वैपाकात असते ना ती."

"काका, ते मी कालच घातलंय. तुम्ही बागेत गेला होतात. काकूच म्हणाल्या, आधी तेवढं घाल, बाकीचं मेलं मागाहून."

निशिगंधाने कॉम्प्युटरवर आजचा पेपर उघडून कळ दाबली. एक बाई खणखणीत आवाजात वाचू लागली. नळाचं पाणी, रस्त्याचे खड्डे, आणि मग निधनवार्ता, एकामागून एक.

"बघा, लागली माणसं मरायला," विळीवरून कमला म्हणाली. "गणपतीपासून अख्ख्या रत्नागिरीत कोणी गेलं नव्हतं हो! तेव्हाच मी ओळखलं."

परशुरामने खोटी सुरमई विकली होती, खोटं जहाज लावलं होतं, पण बातमीपुरतंही कोणाला मारायला त्याची जीभ रेटली नव्हती.

"मग बोलली का नाहीस गो?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. डॉक्टरांची चिठ्ठी धुण्यात सापडली, एकटे गेलात! मी काय परकी होते?" कमलाला रडूही येत होतं आणि रागही. निशिगंधा "येते हो काकू" म्हणून हळूच निघाली.

परशुराम खाली बघत म्हणाला, "चुकलंच माझं. आता ही बाई आली वाचायला. माझं काम संपलं."

"कोण म्हणतं? ती तुमच्यासाठी आणलीय. दिवसभर ऐका तिचं." कमलाने उठून कॉम्प्युटर बंद केला आणि पेपर त्याच्या हातात दिला. मग दुधी घेऊन परत विळीवर बसली. "मला सकाळी तुमच्याच बातम्या लागतात. हं, ते जयगडचं जहाज हललं का?"

परशुरामने डोळे पुसले, पेपर नाकासमोर धरला, चष्मा सावरला.

"हलतंय कुठलं! जयगडवाले ओरडतायत, त्याच्या सावलीत जवळा वाळत नाही म्हणून."