तोंडाने सांगा

चातुर्मासात मी मौनाने जेवते. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. नाशिकला सातपूरच्या कंपनीत क्वालिटी विभागाची जबाबदारी आली तेव्हाही तो सोडला नाही, आणि कॅन्टीनमध्ये हळूहळू सगळ्यांना त्याची सवय झाली. मी जेवत असताना कोणी काही विचारायला आलं तर मी बोलत नसे. नाही म्हणायचं असेल तर डावा हात टेबलावर ठेवत असे. हात मांडीवरच राहिला म्हणजे होकार. हा नियम मी केला नव्हता. हाताखालच्या मुलांनी बघून बघून तो बसवला, आणि मी चालू दिला, कारण सोयीचा होता.

"मॅडमचा डावा हात म्हणजे मुंबई नाक्याचा सिग्नल," माझा सुपरवायझर मयूर म्हणायचा. "लाल झाला की हिरवा व्हायला संध्याकाळ."

मला हसू यायचं. पण तोंडात घास असायचा आणि मनात नाम, म्हणून मी ताटाकडेच बघत राहायची.

आमच्याकडे ट्रकचा स्टिअरिंग आर्म तयार होतो. चालकाने चाक फिरवलं की पुढची चाकं वळवणारा तो लोखंडी दांडा. श्रावणातल्या त्या शुक्रवारी चाकणच्या ट्रक कारखान्यात जायच्या मालातल्या एका दांड्यात भेग सापडली. केसाएवढी, पण भेग. मी अख्ख्या लॉटला लाल टॅग लावून माल रोखून ठेवला. माझ्या शब्दाशिवाय तो टॅग निघत नाही.

दुपारी मी जेवत असताना मयूर धावत आला.

"मॅडम, तो होल्डचा लॉट. परत चार-पाच पीस काढून बघितले, सगळे चांगले निघाले. चाकणची गाडी केव्हाची उभी आहे. टॅग काढू?"

मी ऐकलं. चार-पाच पीस पुरेसे नाहीत, एकूण एक तपासायला हवा, हे माझ्या मनात लगेच आलं. पण एवढं सगळं हाताने कसं सांगणार? मला वाटलं, चूळ भरून उठले की सांगते. डावा हात मांडीवर राहिला.

चूळ भरून बाहेर आले तर आमचे प्लांट हेड उपेंद्र साहेब दारातच उभे. "अनसूयाताई, पाहुणे आलेत, पटकन चला." त्यांच्या केबिनमध्ये बस सुटायची वेळ होईपर्यंत अडकले. लाल टॅगचा माल माझ्याशिवाय हलत नाही, या भरवशावर घरी गेले. शनिवारी सातपूरच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी. देवाचं सगळं निवांत झालं. मालाची एकदाही आठवण आली नाही.

रविवारी सकाळी कारखान्यात आले तर रोखलेला माल ठेवला होता त्या कोपऱ्यात नुसती फरशी होती.

"मयूर, इथला लॉट?"

"चाकणला गेला ना मॅडम. शुक्रवारीच." तो हसत होता. मग माझा चेहरा बघून थांबला. "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हात…"

तो माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

उपेंद्र साहेब माणूस चांगला, पण 'गुड मॉर्निंग'सुद्धा तक्रारीसारखं म्हणणारा. मी जे घडलं ते सांगितलं तशी त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. मयूर आतच राहिला, भिंतीला टेकून.

"हे बघा ताई, आधी डोकं शांत ठेवा," ते ओरडले. "आपली दोन माणसं चाकणला पाठवू. त्यांच्या स्टोअरमध्ये बसून गुपचूप पीस तपासतील. गाड्या जोडायची लाइन बंद करा असं फोनवर म्हटलंत की संपलं. पुढची ऑर्डर दुसऱ्याच्या घरात."

"साहेब, काल सुट्टी आपली होती. त्यांची नव्हती."

"म्हणजे?"

"पीस स्टोअरमध्ये नसतील. गाड्यांना बसले असतील."

ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले. "बरं, समजा फोन केला. त्यांनी विचारलं, माल सोडला कोणी? तर मयूरने न विचारता सोडला. एवढंच सांगायचं. अहो, पोरगा आहे, कुठेही चिकटेल. तुमचं नाव गेलं तर कंपनीचं जातं."

मयूर माझ्याकडे बघत होता.

"फोन मी लावते," मी म्हणाले.

लोक म्हणतात, तुम्ही किती शांत असता हो. त्यांना काय सांगायचं? त्या वेळी मनातलं नाम दुसऱ्या अक्षराशीच अडखळत होतं.

चाकणला क्वालिटीचं काम आल्हाद सर बघतात. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि लॉट ओळखायची खूण सांगितली. म्हटलं, "या मालात भेग असू शकते. तो आमच्याकडून चुकून सुटला. तुमची लाइन आत्ता थांबवा."

"काय?" पलीकडून कोणीतरी खुर्ची ढकलल्यासारखा आवाज आला. "तुम्ही लोक तिकडे झोपा काढता का? रविवारी सकाळी फोन करून सांगता? कोणी सोडला हा माल? नाव सांगा आधी!"

उपेंद्र साहेबांनी मयूरकडे बोट केलं आणि मला मान हलवून खुणावलं.

"सर, नाव सांगते. त्याआधी लाइन थांबवा. मग माझ्यावर पाहिजे तेवढं ओरडा, मी फोनवरच आहे."

"तुम्ही मला ऑर्डर देताय?"

"विनंती करून चालण्यासारखं नाही, सर. लाइन थांबवा."

ते आणखी बोलले. बाईमाणूस म्हणून ऐकून घेतोय, असंही बोलले. मी मधे बोलले नाही. ते श्वास घ्यायला थांबले की तेच वाक्य म्हणत होते, तितक्याच आवाजात. तिसऱ्या वेळेला पलीकडे त्यांनी कोणाला तरी हाक मारली, आणि मागची घरघर एकदम बंद झाली.

"थांबवली," ते म्हणाले. "आता नाव."

"मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं नाही. माझं नाव लिहा, अनसूया."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मयूर भिंतीपासून सुटा झाला.

थोड्या वेळाने आल्हाद सरांचा उलट फोन आला. आवाज बदललेला. बसवलेले सगळे दांडे आवारातल्या गाड्यांमध्येच सापडले होते. एक सोडून. ती गाडी पहाटे निघून गेली होती. नुसता सांगाडा, वर केबिन नाही, चालक लाकडी खोक्यावर बसून नेतो तसा. नाशिकच्याच डीलरकडे.

"चालकाचं नाव कारभारी. मी चारदा लावला, उचलत नाही. आमचा नंबर दिसला की उचलत नाहीत, उशिराबद्दल शिव्या बसतात म्हणून. तुम्ही लावून बघा."

मी लावला. वाऱ्याचा नुसता घोंघाट.

"कोन?"

"नमस्कार दादा. मी सातपूरच्या कंपनीतून बोलतेय. तुमच्याकडे जी गाडी आहे ना, तिची थोडी तपासणी राहून गेली आहे. जमलं तर जरा बाजूला घ्याल का?"

"नाशकात पोचल्यावं करा की. मोहदरी घाट उतरलो की आलोच." फोन कट.

"जमलं तर?" उपेंद्र साहेब म्हणाले. "अहो ताई, सत्यनारायणाचं आमंत्रण देताय का?"

ते बरोबर होते. आल्हाद सरांशी मी सरळ बोलले होते. आणि ज्याचा जीव खोक्यावर बसला होता, त्याच्याशी बोलताना मात्र भिऊन शब्द मऊ केले. तो घाबरेल म्हणून की त्याचं घाबरणं मला ऐकवणार नाही म्हणून, आजही नक्की सांगता येत नाही.

पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. मयूर म्हणाला, "मॅडम, मी बाईकवर निघू का घाटाकडे?"

"निघ. हेल्मेट घाल. आणि लागेल ते सामान घे." तो जिन्यावरून धडधडत उतरला.

तिसऱ्यांदा लावला.

"बाई, सांगितलं ना एकदा…"

"कारभारी दादा, ऐका. तुमच्या स्टिअरिंगचा दांडा आमच्या कंपनीचा आहे. त्याला भेग असू शकते. तो तुटला तर तुम्ही चाक फिरवाल, पण गाडी वळणार नाही. पुढे जाऊ नका, गाडी थांबवा."

वारा. नुसता वारा.

"थांबला असेल," साहेब कुजबुजले.

मी नकारार्थी मान हलवली. "दादा, ऐकलंत का? थांबताय की नाही, तोंडाने सांगा. मला ऐकू येऊ दे."

वाऱ्यातून आवाज आला. "घाटात हाय मी. येक वळन म्होरं जागा हाय."

"वेग अगदी कमी करा. कचकन ब्रेक नको. चाकाला झटका देऊ नका."

"ईस वर्सं गाडी चालवतोय बाई मी."

"म्हणून तर तुम्हाला स्पष्ट सांगितलं."

मग कुठल्या तरी बसचा हॉर्न आला, लांबच लांब. काहीतरी घासल्यासारखा आवाज. साहेबांनी टेबलाची कड धरली. मी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर बोलता आलं नसतं. "सावकाश, दादा. मी आहे," असं काहीतरी म्हणत राहिले. त्याला ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

इंजिन बंद पडल्याचा आवाज आला. मग घाटातल्या पाखरांचा.

"थांबलो. कठड्याला लागून," कारभारी म्हणाला. दम लागल्यासारखा. "बाई, हे पहिल्यांदीच का नाय सांगितलं? इतकं गोड बोलत व्हता, मला वाटलं लोनचा फोन. त्याच्यानंतर दोन वळनं उतरलो मी. भरलेली यष्टी गेली शेजारून."

"चुकलं माझं."

"लय चुकलं," तो म्हणाला.

उपेंद्र साहेबांनी पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. "सुटलो बुवा. काही निघणार नाही बघा त्यात. एका पीसमुळे एवढा गहजब." मग सूर खाली आणून, "चाकणला तुमचं नाव दिलंत ते ठीक. पण आपल्या वरच्यांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. तुम्ही तर बोललाच नाहीत, मग चूक तुमची कशी?"

"साहेब, मयूरला काही लेखी देऊ नका. द्यायचं असेल तर मला द्या."

"विचार करतो." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ते काय करतील, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मयूरचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून हलले नव्हते.

"मॅडम, पोचलो. तेल पुसून बघितलं. दांड्याच्या मानेजवळ भेग आहे. उघडलीय. नख अडकतंय."

मी ते जसंच्या तसं मोठ्याने म्हटलं. साहेब खिडकीशी तसेच उभे राहिले.

फोनमध्ये मागून कारभारीचा आवाज आला, "काय म्हनत्यात बाई? घाबरायचं कारन नाय म्हनत असतील."

"फोन त्यांच्याकडे दे," मी म्हणाले.

फोन हातात गेल्याची खरखर झाली.

"दादा, भेग निघाली. गाडी आता जागची हलवायची नाही. उचलून न्यायला दुसरी गाडी पाठवते."

 तो म्हणाला, "खालचं वळन लय वाकडं हाय वो."

"हो," मी म्हणाले.