रत्नाबाईच्या डोक्यावरची चुंबळ

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे, आणि माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. चुंबळ म्हणजे काय हे तुमच्यातल्या अर्ध्यांना ठाऊक नसणार. डोक्यावर ओझं घेताना टोपलीखाली कापडाची गोल गुंडाळी ठेवतात ना, ती मी. तारापूरजवळच्या कोळीवाड्यात रत्नाबाईने आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी पिळून मला वळलं.

तेव्हापासून मी तिच्या डोक्यावर. होडी किनाऱ्याला लागली की मासळीची टोपली माझ्यावर चढायची आणि आम्ही निघायचो बोईसरच्या बाजाराला. काय रुबाब होता! ओल्या वाळूतून रत्नाबाई टोपलीला हातही न लावता झपझप चालायची. बाया म्हणायच्या, "रत्नाबाईची मान म्हंजे खांब हाय खांब!" त्यातलं अर्धं कौतुक माझं होतं, पण मला कोण विचारतो?

मग गेल्या वर्षी ती मोरीतल्या नव्या लादीवर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती काही जाईना. भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकेना. तिची सून उन्नती मायेनेच म्हणायची, "आई, तुमी बसा, उठू नका." बसून बसून पाय आणखीच लटपटायला लागले. त्यात बाजारातून खबर आली, की तिथे शेजारी बसणाऱ्या गोजराबाईची टोपली हळूच रत्नाबाईच्या जागेवर सरकते आहे. बाजारात बसायची जागा म्हणजे कोळणीची ओळख. एकदा गेली की गेली. रत्नाबाई पदर तोंडाला लावून रडली.

आणि माझं काय झालं? उन्नतीने मला कालवणाच्या गरम टोपाखाली ठेवलं. टोपाखाली! तेव्हापासून मी सगळ्यांकडे संशयानेच बघते.

तशात स्नेहा उगवली. ही पालघरची मुलगी. समाजमंदिरात येऊन म्हाताऱ्या माणसांना तोल सांभाळायचे व्यायाम शिकवायची, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं. आज व्यायाम, उद्या दुखण्याच्या तेलाची बाटली गळ्यात मारेल. रत्नाबाईचं मतही वेगळं नव्हतं. "ही पोर मला पुन्ना पाडल्याबिगर राहायची नाय," असं पुटपुटतच ती उन्नतीचा हात धरून निघाली. निघताना मात्र टोप बाजूला करून तिने मला कमरेला खोचलं. घराबाहेर पडायचं तर चुंबळ हवीच, जन्माची सवय ती.

खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या, एक पाय उचलून उभं राहायचं, हात न टेकता उठायचं, खाली वाकायचं, असे सगळे प्रकार. मी कमरेवरून नजर ठेवून होते. तेलाची बाटली काही निघाली नाही. उलट रत्नाबाईचे पाय घट्ट होत गेले. पण खुर्ची सुटेना.

"मावशी, पाय तयार झालेत. आता हात सोडा ना," स्नेहा म्हणायची.

"नाय सोडायची!"

एक दिवस रत्नाबाईने घाम पुसायला मला कमरेतून काढलं आणि बाकावर ठेवलं. स्नेहाने मला उचललं, दाबून पाहिलं आणि समोर जमिनीवर ठेवलं. "ही छान मऊ आहे, मावशी. हिच्यावर पाय ठेवून उभं राहू या."

पायाखाली! मी? माझा संशय खरा ठरला, मित्रांनो.

"अगो बाय!" रत्नाबाई कडाडली. "माज्या पोटाची लक्षुमी हाय ती! पाय ठेवते काय तिच्यावर?" आणि खुर्ची सोडून ती तरातरा पुढे आली, वाकली, मला उचलून कपाळाला लावलं आणि डोक्यावर ठेवलं. मान सरळ झाली. नजर पायांवरून उठली.

"आई," उन्नती हळूच म्हणाली, "खुर्ची मागं राह्यली."

रत्नाबाईने मागे पाहिलं. खुर्ची पार तिकडे होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "चुकलं माझं, मावशी," स्नेहा कान पकडून म्हणाली. पण ती हसत होती हं! तिला आमची रीत खरंच ठाऊक नव्हती, की तिने मुद्दाम केलं? मला अजून संशय आहे.

त्यानंतर स्नेहा पायाखाली सतरंजीची घडी ठेवू लागली. रत्नाबाईचे व्यायाम थांबले नाहीत आणि भीतीही एका दिवसात गेली नाही. पण परवा ती हलकीशी टोपली घेऊन बाजारात गेली, शेजारी उन्नती होती. गोजराबाईने आम्हाला पाहिलं आणि आपली टोपली मागे ओढली.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आजी-आजोबा पडायला भीत असतील, तर त्यांना "बसून राहा" म्हणू नका. त्यांना उठवा, शिकणाऱ्या पावलांना वेळ द्या आणि तोवर शेजारी उभे राहा.

आणि उन्नतीला एवढं सांगा, की टोपाखाली ठेवायला दुसरं फडकं शोध. मला आता बाजारात जायचं असतं.