चेनवाला लांडगा

चष्म्याच्या दुकानात मी भिंगं घासते आणि लोकांच्या आवडीनिवडीवर तोंडसुख घेते. भुताखेतांचे सिनेमे बघणाऱ्यांची तर बिनपाण्यानं करते. रविवारी दुपारी मात्र पडदे ओढून आईबरोबर एक लांडग्याचा सिनेमा बघते, तोही पाठ झालेला. दुकानात कुणी नुसतं लांडगा म्हटलं तरी माझे कान तापतात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सिनेमा टाकाऊच आहे. चंद्र उगवला की एक कारकून लांडगा होतो, एवढीच गोष्ट. चंद्र कापडावर रंगवलेला, वारा आला की हलतो. नायिका लांडगा यायच्या आधीच किंचाळून मोकळी होते. आणि लांडग्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन दिसते. पण त्या कातड्यात माझा दादा आहे. सुरुवातीच्या नामावलीत लांडगा म्हणून त्याचंच नाव येतं. गोदामात तो पेट्यांवरून उड्या मारत सुटतो, तेव्हा आईची हसून हसून पुरेवाट होते. दादा होता तेव्हा आमच्या मध्ये बसून स्वतःच स्वतःची टर उडवायचा. मागच्या हिवाळ्यात तो छातीच्या आजारानं गेला. फार उशिरा आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तो आम्हाला रविवारीच काय तो भेटतो.

परवा त्याच सिनेमाचे कपडे शिवणारे मास्टर दुकानात नंबर तपासायला आले. ओळख निघाली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी गोदामातल्या उड्यांचं कौतुक सुरू केलं. ते म्हणाले, तो तुझा दादा नव्हे. त्यांच्याकडे रीतच होती: कातडं ज्याच्या मापाचं शिवलं, नाव त्याचं, आत मग कुणी का शिरेना. दादाला पहिल्याच दिवशी आत धाप लागली, चक्कर आली. पुढचं सगळं त्याच्याच अंगलोटाच्या दुसऱ्या माणसानं केलं, आणि दादा मास्टरांजवळ बसून लांडग्याचे केस विंचरत राहिला.

"सिनेमा लागल्यावर भेटला, तेव्हाही धाप होतीच," मास्टर म्हणाले. "मी म्हटलं, अरे, घरी सांग, छाती दाखवून घे. तर म्हणतो, मास्टर, वडील गेल्यापासून आई पहिल्यांदा एवढी हसलीये. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू, की लांडग्याला दम लागतो?"

माझ्या हातातलं भिंग खाली पडलं. आधी राग आला, मास्टरांचा, दादाचा, त्या खुळ्या सिनेमाचा. मग ते रविवार आठवले. आम्ही हसत होतो आणि तो आमच्या मध्ये बसून श्वास लपवत होता. आम्हाला तो हसण्यानं खोकतोय असं वाटायचं. मी त्याच्या पाठीवर धपाटे घालायचे आणि त्याला नाटक्या म्हणायचे.

आईला सांगायचंच, असं मी ठरवलं. लपवाछपवीपायीच घरातलं एक माणूस गेलं होतं, आता आणखी काय झाकून ठेवायचं? दोन दिवस भिंगं घासता घासता मनात शब्द जुळवले. रविवारी आईनं पडदे ओढले, पाठीशी उशी घेतली आणि मला हाक मारली. कारकून लांडगा झाला, नायिका वेळेआधी किंचाळली, गोदाम आलं. मी सिनेमा थांबवायला रिमोट उचलला.

आईनं माझ्या मांडीवर थाप मारली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ, कसा सुटलाय माझा लेक," ती म्हणाली. "एवढ्या उड्या मारतोय, पण जरा तरी दम लागलाय का?"

पडद्यावर कुणी परका माणूस पेट्यांवरून पळत होता. मी रिमोट खाली ठेवला.

"नाही गं आई," मी म्हटलं, "जरासुद्धा नाही."

आणि तिच्याबरोबर मोठ्यानं हसले.