चाखणारा

“मशीनमधनं नको. सुरीनं बारीक कर,” धर्मपाल म्हणाले.

विजापूर वेशीतल्या मटणवाल्याने मान वर करून बघितले. वीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक, पण गेले चौदा महिने दुकानाची पायरी चढले नव्हते. आणि आज आले ते असले काहीतरी सांगत.

“सुरीसे? खिमा तो मशीन काच अच्छा रैता चाचा. क्या बनारे?”

“पाहुणा आलाय. त्याला तसंच पायजे.”

“कोवळा देतूं फिर. रान का, मांडी का.”

लाकडी ठोकळ्यावर दोन सुऱ्या चालू झाल्या. धर्मपाल पिशवी धरून बाजूला उभे राहिले. पदार्थाचे नाव त्यांना माहीत होते, पण ते तोंडातून काढवेना. लाब. दोनच अक्षरे. आठवड्यापूर्वी अक्कलकोटहून मुलाच्या दोस्ताचा, प्रभुलिंगाचा फोन आला, “काका, मी रजेवर आलोय, भेटून जाईन म्हणतो,” तेव्हा हो-हो करून झाल्यावर धर्मपाल एकदम म्हणाले होते, “येताना ते सामान घेऊन ये. त्यानं इथं केलं होतं ते. मटणाचं, लिंबू पिळून कालवतात ते.”  मग प्रभुलिंग म्हणाला होता, “लाब म्हणता का काका? आणतो.”

पिशवी घेऊन ते बुधवार पेठेच्या दिशेने चालू लागले. रविवार होता, अकराचे ऊन पाठीत शिरत होते.

धर्मपाल पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची आई नवी पेठेतल्या एका खानावळीत भांडी घासायची. लहानपणी ते मागच्या दाराशी पाटी-पुस्तक घेऊन बसत, आणि ताटे खरकटी होऊन बाहेर येत तशी आई ती राखेने घासून उपडी घालत जाई. त्या दाराशीच त्यांनी ठरवले होते की आपल्या घरातले कुणी पुन्हा दुसऱ्याच्या चुलीशी उभे राहणार नाही. मुलाचे नाव त्यांनी बुद्धभूषण ठेवले. त्याला बँकेच्या परीक्षांची पुस्तके आणून दिली. त्याने दोनदा परीक्षा दिली, तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही. पुण्याला जाऊन स्वयंपाकाचा कोर्स केला आणि तिथून थेट थायलंडला गेला. खोन केन नावाच्या गावातल्या एका हॉटेलात आचारी म्हणून.

“बुद्धाचा देश हाय पप्पा,” तो फोनवर म्हणाला होता.

“बुद्धाच्या देशात भांडी कोण घासतंय?” धर्मपालांनी विचारले होते.

एकदा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला धरून, तो रजेवर आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारभर स्वयंपाकघरात होता. धर्मपाल बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, म्हणजे तसे धरून बसले होते. आतून तांदूळ भाजल्याचा वास आला, मग खलबत्त्याचा आवाज. चारच्या सुमाराला त्याने ताट आणून त्यांच्यापुढे ठेवले आणि समोर मांडी घालून बसला. “चाखा की पप्पा. एवढंच सांगा, कसं झालंय.”

धर्मपाल ताटावरून उठले. “माझ्या आईनं जन्मभर लोकांची खरकटी काढली,” ते म्हणाले. “तुला शिकवलं ते परत चुलीफुडं उभं राहायला न्हाय.”

 भूषणने ताटावर झाकण घातले आणि उचलून आत नेले. तीन दिवसांनी गेला. पुढे दहा महिने त्याचा फोन येई तो शालनला, म्हणजे त्याच्या आईला. ती बोलून झाल्यावर फोन धर्मपालांकडे धरी. ते हातानेच सांगत, बरं आहे म्हणावं. मग एका सकाळी तिकडूनच फोन आला. पावसात स्कूटरवरून मंडईला निघाला होता, पालेभाजी आणायला. हैदराबादच्या विमानतळावर शवपेटी उतरवून घेताना धर्मपालांना नऊ कागदांवर सह्या कराव्या लागल्या. छत्तीस वर्षे कागदांवर शेरे मारलेल्या माणसाला त्या दिवशी आपली सही आठवेना.

आणि त्यानंतर महिन्याभराने तो आवाज यायला लागला. दुपारी चारच्या सुमाराला, बाहेरच्या खोलीत बसलेले असताना, आतून खलबत्ता वाजे. टक टक टक, आणि मग दगडावर दगड फिरवल्यासारखी घरघर. पुन्हा टक टक टक. पहिल्यांदा ते उठून आत गेले होते. ओटा कोरडा होता, खलबत्ता फळीवर उपडा होता, आणि हवेत भाजल्या तांदळाचा वास होता. तो वास दारातून मागे सरताच गेला. पुढे पुढे ते उठेनासे झाले. नुसते ऐकत बसत. शालनला त्यांनी हे कधी सांगितले नाही. ती आधीच निम्मी झाली होती.

घरी पोचले तेव्हा प्रभुलिंग शालनसोबत स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पुदिना निवडत होता. तिशीचा, काटकुळा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. भूषणच्या शेजारच्या शेगडीवर तो काम करायचा. दोघे एकाच खोलीत राहायचे.

“सुरीनं करून आणलं का काका? झ्याक,” त्याने पिशवी उघडून बघितले. मग आपल्या बॅगेतून एक बाटली काढली. तीन लुंग्यांमध्ये गुंडाळून विमानातून आणली होती. बूच काढले आणि शालनने पदर नाकाला लावला.

“आगं बया! नासलंय का काय रे हे?”

“मासळीचं पाणी हाय काकू. तिकडं मिठाच्या जागी हेच घालत्यात. वास घ्यायचा न्हाय, डोळं झाकून घालायचं. भूषणची आई माझ्यावर वराडणार, हे मी गाडीतच म्हणलो होतो.”

शालन हसली. धर्मपालांनी ते हसू बघितले आणि पिशवीची घडी घालत बसले.

प्रभुलिंगाने कढई चढवली. मूठभर कच्चा तांदूळ कोरडाच टाकला आणि मंद आचेवर हलवत राहिला. तांदूळ आधी पांढरा फटक झाला, मग पिवळसर, मग भुईमुगाच्या टरफलासारखा. वास सुटला तशी शालन हातातला पुदिना तसाच धरून भिंतीला टेकली.  शेगडीवर कढई खरखरत राहिली.

“खलबत्ता हाय का काकू? मिक्सरला लावलं की पीठ होतंय. जाडंभरडं पायजे.”

तिने फळीवरून खलबत्ता काढून दिला. प्रभुलिंग उकिडवा बसून कुटायला लागला. जोरात, एकसारखा, मिरची कुटावी तसा. दारात उभे असलेले धर्मपाल अस्वस्थ झाले. दोन-तीनदा त्यांनी तोंड उघडून मिटले.

“असं न्हाय,” ते शेवटी म्हणाले.

“काय काका?”

“तीनदा कुटायचं. हलक्या हातानं. मग बत्ता फिरवायचा, घासल्यासारखा. मग परत तीनदा.”

प्रभुलिंगाचा हात थांबला. “ही भूषणची तऱ्हा,” तो म्हणाला. “आमचं सगळं किचन हसायचं त्याला. तीन ठोके झाले की चक्की सुरू झाली म्हणायचे. तुमी कवा बघितलंत?”

“बघितलं न्हाय. ऐकतो.”

प्रभुलिंगाला त्यात काही वेगळे वाटले नाही. शालनने मात्र मान वर केली. नवऱ्याकडे ती नुसती बघत राहिली.

“तुमालाबी ऐकू येतंय व्हय?” तिने विचारले.

धर्मपाल दारातून आत आले.

“चारला,” ती म्हणाली. “मी चहाचं आधण ठेवायच्या आधी. मागच्या न्हाणीत असले तरी येतंय.”

“मला वाटलं, मलाच.”

“सांगणार होते. पण म्हणलं, तुमी डॉक्टरकडं न्याल. न्हाय तर गोळ्या सुरू होतील, आन् मग यायचं बंद होईल.” शेवटचे शब्द तिने इतके खाली बोलले की ते पुदिन्यालाच सांगितल्यासारखे झाले.

तेरा महिने. भिंतीच्या या बाजूला एक माणूस आणि त्या बाजूला एक, दोघेही एकच आवाज ऐकत होती, आणि चहा झाला की एकमेकांना साखर बरोबर आहे का विचारत होती. धर्मपाल हळूहळू खाली बसले. गुडघा धरून, भिंतीचा आधार घेत. प्रभुलिंगाने एकदा धर्मपालांकडे, एकदा शालनकडे बघितले. त्याला जे कळायचे ते कळले असावे. त्याने बत्ता धर्मपालांच्या पुढे केला.

आयुष्यात त्यांनी कधी काही कुटले नव्हते. पहिल्या ठोक्याला दोन दाणे उडून बाहेर पडले. मग हात बसला. टक टक टक. घरघर. शालन डोळे मिटून ऐकत होती. तांदूळ भरड झाला तरी कुणी थांबा म्हणेना. शेवटी प्रभुलिंगच म्हणाला, “बास काका. पीठ होईल.”

पुढचे सगळे झटपट झाले. कढईत घोटभर पाणी घालून त्याने खिमा टाकला.

“तेल?” शालनने बरणी पुढे केली.

“थेंबभर न्हाय.”

“काळा मसाला तरी?”

“कायबी न्हाय काकू.”

“आरं, मग त्याला चव कुठली यायची?” ती म्हणाली, पण बरणी जागेवर ठेवून दिली.

खिमा शिजेपर्यंत प्रभुलिंगाने कांदा उभा चिरला, कांद्याची पात आणि कोथिंबीर चिरली. सुक्या मिरच्या भाजून हाताने चुरडल्या. कढई खाली उतरवून जरा निवू दिली. मग बाटलीतले पाणी, लिंबू, चिमूटभर साखर, मिरची, कांदा, पाला, आणि सगळ्यात शेवटी भरडलेला तांदूळ. लाकडी डावाने वरखाली केले. स्वयंपाकघर अरुंद होते. तिघे असूनही शालन ओट्याकडची जागा सोडून अंग चोरून उभी होती, तिथे आणखी कुणी उभे असल्यासारखी.

प्रभुलिंगाने चमच्यात थोडे घेतले आणि धर्मपालांसमोर धरले.

“चाखा.”

“तूच बघ की. तुला कळतंय.”

“मी खात न्हाय काका. लिंगायत हाय न्हवं आमी.”

“आठ वर्षं करतोयस ना?”

“करतोय. चाखलं न्हाय कधी. घरी सांगून ठेवलंय, भाजीच्या बाजूला असतो म्हणून.” तो जरा थांबला. “भूषण चाखायचा माझ्यासाठी. माझं कालवून झालं की मी असाच चमचा त्याच्या तोंडाफुडं धरायचो. त्याच्या हातात त्याचं काम चालूच. नुसतं म्हणायचा, लिंबू. न्हायतर, मीठ. कधी काय बोललाच न्हाय, तर बरोबर झालंय. हॉटेलातल्या लोकांना वाटायचं, प्रभूचा हात चांगला हाय. हात माझा होता, जीभ त्याची.”

“आन् आता?”

“आता भाताच्या बाजूला असतो. मागून घेतली ती जागा. दुसऱ्या कुणाफुडं चमचा धरवत न्हाय.”

चमचा त्याने अजून धरलेलाच होता.  धर्मपालांनी त्या चमच्याकडे बघितले, मग तोंड पुढे केले आणि खाल्ले.

 बाहेर गल्लीत रिक्षा वळली, तिचा आवाज लांब गेला.

“लिंबू,” धर्मपाल म्हणाले.

प्रभुलिंगाने अर्धे लिंबू पिळले. पुन्हा चमचा धरला. धर्मपालांनी खाल्ले, आणि या वेळी ते काहीच बोलले नाहीत.

प्रभुलिंगाने मान फिरवून बाहीने तोंड पुसले.

ताटे बाहेरच्या खोलीत मांडली. प्रभुलिंगासाठी शालनने दहीभात आणि शेंगाचटणी वेगळ्या भांड्यात ठेवली होती, वेगळ्या डावाने. बाकी दोघांना त्याने भात, लाब, बाजूला काकडीच्या फोडी आणि कोबीची पाने असे वाढले. शालनने पहिला घास भीतभीत घेतला. दुसरा घेताना ती भीत नव्हती.

“वरून मसाला टाकला असता तर,” ती पुटपुटली.

“तिकडं न्हाय टाकत,” धर्मपाल जरा तडकूनच म्हणाले. “त्यानं काय कमी शिकून केलं होतं?”

शालन त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली बघून जेवायला लागली.

प्रभुलिंगाचा घास हातातच होता. “काका, एक विचारू? कसं लागतं? म्हणजे, नेमकं काय लागतं? त्याला लईदा विचारलं. म्हणायचा, सांगून काय कळतंय, खाल्लं की कळतं. मला तर खायचं न्हाय.”

 कागदावर शेरा लिहिण्याआधी थांबत तसे धर्मपाल थांबले. एक घास घेऊन सावकाश चावला.

“आधी आंबट लागतं,” ते म्हणाले. “जीभ आखडते. मग पुदिना येतो, गार. तिखट लगेच कळत न्हाय. गिळल्यावर मागनं येतं, घशाशी. आन् मधेच तांदूळ दाताखाली फुटतो. खमंग. तो आला की बाकीचं सगळं एकत्र येतं.”

प्रभुलिंग ओठ हलवत होता, पाठ करावे तसे. “मग?”

“मग काय न्हाय.”

“तरी?”

धर्मपाल ताटाकडे बघत होते.  “मग परत घ्यावंसं वाटतं. चांगलं झालंय. लई चांगलं झालंय.”

ते प्रभुलिंगाला म्हणाले, पण त्यांचे तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होते. प्रभुलिंगाने मान खाली घातली आणि दहीभाताचा घास घेतला.

धर्मपालांनी ताट निपटले. शेवटची मिरचीची चुरी बोटाने पुसून घेतली. मग रिकामे ताट दोन्ही हातांनी उचलले आणि दाराच्या दिशेने पुढे धरले.

“वाढ,” ते म्हणाले.

कुणाला म्हणाले, ते शालनने विचारले नाही. ती उठली आणि वाढायला कढई आणायला आत गेली.