पाठीवरचा खो

मित्रांनो, खो-खोच्या मैदानाच्या टोकाला तुमच्या छातीइतका जो सागाचा खांब उभा असतो, तो मी. आता जुना झालो आहे. पोरींचे हात फिरून फिरून माझे अंग गुळगुळीत झाले आहे, पण जमिनीतली पकड अजून सुटलेली नाही.

आधी मी हिंगणीच्या पुंडलिकरावांच्या गोठ्याच्या छताचे आडवे लाकूड होतो. बैलांच्या घंटा ऐकत माझी वीस वर्षे गेली. त्यांनी गोठा पाडून पक्का बांधला, तेव्हा मला मधोमध कापून गावाबाहेरच्या बालगृहाला दिले. रस्त्यावर, फलाटावर एकट्या सापडलेल्या मुलींना एक संस्था तिथे सांभाळते. माझा अर्धा भाग मैदानाच्या त्या टोकाला रोवला, मी या टोकाला.

रोवले खरे, पण खेळ शिकवणारे कोणीच नव्हते. दोन वर्षे माझ्या गळ्यात कपडे वाळवायची दोरी होती. ओल्या चादरींचे पाणी अंगावर टपकायचे, पायाशी गाजरगवत वाढायचे. फार वाईट वाटे. मग प्रफुल्ल सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी ती दोरी सोडली आणि मला जवसाचे तेल चोळले.

त्याच महिन्यात रक्षा आली. अकरा वर्षांची. फलाटावर बाटल्या वेचताना ती संस्थेच्या लोकांना सापडली होती. पळण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. पण खो-खोत मैदानात आखलेल्या पाटीवर बसलेल्या मुलीच्या पाठीला मागून हात लावून ‘खो’ द्यावा लागतो. तिथेच राहणाऱ्या वर्षालीने तिला पहिला खो दिला आणि रक्षा किंचाळली. दोन्ही हातांनी डोके झाकून ती मातीत आडवी पडली.

“काऊन वं, लागलं का?” वर्षाली घाबरली.

“मांगून हात नोको लावजो मले,” रक्षा म्हणाली. “मांगून हात आला का मारच पडे.”

कोणी हसले नाही. तिथल्या प्रत्येकीला ते कळत होते.

त्या दिवसापासून वर्षाली आधी नाव सांगू लागली. “रक्षा, मी आहो, वर्षाली. खो!” स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या यशोदाबाई वेणी घालतानाही सांगायच्या, “पोरी, हात ठेवून राह्यली बरं का.” महिने गेले. रक्षा सरावात बसू लागली, पण नाव ऐकल्याशिवाय नाही. म्हणून सामन्यात सर तिला राखीव ठेवत.

त्या वर्षी सामने जिथे व्हायचे त्या शाळेच्या मैदानात चिखल झाला आणि तालुक्याचे सामने आमच्याकडे आले. अंतिम सामना तीन वर्षे जिंकत आलेल्या संघाशी होता. गर्दीत एकजण म्हणाला, “ह्या पोरी काय जिंकतात?” मी ऐकले. पोरींनीही ऐकले.

शेवटच्या डावात बरोबरी झाली. दीड मिनिट उरले होते आणि एक गडी बाद करायचा होता. नेमका तेव्हाच माझ्या पायाशी वर्षालीचा पाय मुरगळला. पंचांनी खेळ थांबवला. सरांनी राखीव मुलींकडे पाहिले. तिथे एकटी रक्षा उरली होती.

“सर, मले बसू द्या,” ती स्वतःच उठली.

“नाव घ्यायला वेळ नसतो बेटा.”

“मले मालूम आहे.”

ती माझ्या शेजारच्या पाटीवर बसली. शिटी वाजली. आमच्या संघातली काजल धावत आली आणि तिने रक्षाच्या पाठीवर थाप मारली. “खो!”

रक्षाचे खांदे आखडले. एक क्षण मला वाटले, आता ही डोके झाकणार. पण ती उठली. समोरची चपळ मुलगी मला वळसा घालून निसटत होती. रक्षाने डाव्या हाताने मला घट्ट धरले, सगळे अंग हवेत झोकून दिले आणि उजवा हात लांबवला. त्या झटक्याने मी मुळापासून हललो, पण उभा राहिलो. तिची बोटे त्या मुलीच्या खांद्याला लागली.

लांब शिटी! आम्ही जिंकलो! आमचा संघ जिल्ह्याला निघाला!

वर्षाली एका पायावर उड्या मारत आली. यशोदाबाई पिठाच्या हातांनी धावल्या. सगळ्या जणींनी न सांगता, न विचारता रक्षाच्या पाठीवर धपाधप थापा मारल्या. मातीने माखलेली रक्षा हसत ओरडत होती, “अजून मारा वं! जोरानं मारा!”

मित्रांनो, आम्हा खांबांना वर्षातून एकदा तेल लावा, बुडाशी पाणी साचू देऊ नका, इतकेच मागणे. आणि तुमच्या मैदानाच्या कडेला एखादी नवी मुलगी नुसती बघत उभी दिसली, तर थोडे सरकून तिला पाटीवर जागा द्या.