वाटोळं फूल आणि डब्याचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना, रुंद तोंडाचा मॉनिटर आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर चादरींचा एक कारखाना आहे, त्याच्या डिझाइनच्या खोलीत मी असतो. माझ्या काचेमागे आडवे एकोणीसशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी ठिपके आहेत. हे आकडे मी बढाई मारायला सांगत नाही. पुढचे सगळे रामायण या दोन आकड्यांमुळेच घडले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. थर्मोकोलमध्ये बसून मी एका ऑफिसात आलो. तिथे पहिले काही महिने माझे फार कौतुक झाले. जो तो येऊन माझी रुंदी बघून जाई. मग माझ्याहून रुंद भाऊबंद आले आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. तिथे मोडक्या पंख्याशेजारी दोन वर्षे धूळ खात पडून होतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खोटे नाही.

तिथून मला चादरीवाल्या नागप्पाशेठनी उचलून आणले. एका जुन्या संगणकावर लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली, घालून मला त्याला जोडले. जोडणाऱ्याने घाईघाईत केबल दामटून बसवली आणि तिची एक बारीक पिन वाकली. मित्रांनो, त्या पिनेतूनच आम्ही संगणकाला आपली ओळख सांगत असतो. मी कोण, माझ्यावर ठिपके किती, हे सगळे. माझे सांगणे पलीकडे पोचलेच नाही. लिनक्सने बिचाऱ्याने अंदाजाने जुन्या, चौकोनी ठेवणीच्या पडद्याचे माप धरले: एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट. मी ते चित्र माझ्या रुंदीभर ताणले. ते उंचीपेक्षा रुंदीला जास्त ताणले गेले आणि माझ्यावरची अक्षरे, चित्रे, सगळी जाडी दिसू लागली.

दुसऱ्या कुठल्या ऑफिसात हे पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात आले असते. इथे आले नाही, आणि त्याला कारण होते. माझ्यासमोर बसणारे सिद्रामअण्णा तीस वर्षे ग्राफच्या कागदावर ब्रशने चादरीची डिझाइन काढत आलेले. चादरीत उभे आणि आडवे धागे इंचाला सारखे नसतात. म्हणून ग्राफवरचे फूल नेहमी बेढबच दिसते आणि मागावर विणले की वाटोळे होते. बेढब चित्राचे या खोलीत कुणालाच नवल नव्हते.

"धाग्याचा हिशोब मशीननंच धरला असंल की," अण्णा म्हणाले, आणि नजरेला वाटोळे दिसेल असे सुरेख फूल त्यांनी माझ्यावर काढले.

नमुन्याची चादर मागावरून उतरली. फूल बारा इंच उंच आणि नऊ इंच रुंद आले. नागप्पाशेठनी ते पाहिले.

"अण्णा, ह्ये फूल हाय का वांगं?"

अण्णांनी हसून पुन्हा काढले. पुन्हा वांगेच आले. या वेळी कुणी हसले नाही. गेल्याच वर्षी अण्णांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, ते सगळ्यांना आठवले.

"माझा राग न्हाय तुमच्यावर," शेठ हळू आवाजात म्हणाले. "पर सोमवारी यापारी येणार हाय. ह्या बारीला बाहेरनं काढून घेतो. फुडचं बी तिकडंच देतो. तुमी आता आराम करा."

"व्हय," एवढेच अण्णा म्हणाले. उठताना त्यांनी माझी काच शर्टाच्या बाहीने पुसली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो. खोटे मी दाखवत होतो आणि दोष त्या माणसाच्या डोळ्यांना लागत होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शरम ती.

दुसऱ्या दिवशी अण्णा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन दुपारी परत आले, आपले ब्रश आणि पट्ट्या गोळा करायला. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितले होते. ते खुर्चीवर बसले, डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी. पण घास उचललाच नाही. थोड्या वेळाने त्यांनी सॉफ्टवेअरलाच एक वर्तुळ काढायला लावले, हाताने रेघ न मारता. मग डब्याचे गोल झाकण पुसून माझ्या काचेवर त्या वर्तुळावर धरले. वर्तुळ वर-खाली झाकणाला बरोबर बसले. डावीकडे आणि उजवीकडे मात्र बाहेर आले.

"आरं," अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच वाकडा हाईस व्हय!"

एवढा आनंद मला माझ्या कौतुकाच्या दिवसांतही झाला नव्हता.

धम्मप्रियाताई शहरातल्या एका कॉलेजात संगणकांची देखभाल करतात, इथलेही बिघाड बघतात. अण्णांनी त्यांना बोलावले. त्यांनी काळ्या खिडकीत दोन-तीन ओळी टाइप करून लिनक्सला माझे खरे माप सांगितले. मी क्षणभर काळा झालो आणि उजळलो तेव्हा सगळी अक्षरे बारीक, रेखीव. अण्णांचे फूल माझ्यावर वांगे होऊन उभे होते. मागावर आले होते, अगदी तस्सेच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक चालू केला, तर मी पुन्हा जाडाच. अण्णांचा चेहरा पडला. सोमवार दोन दिवसांवर होता. त्यांनी ताईंना पुन्हा बोलावून घेतले.

"घाबरू नका, अण्णा. काल मी नुसतं तोंडी सांगितलं होतं त्याला, लिहून दिलं नव्हतं," धम्मप्रियाताई म्हणाल्या. त्यांनी त्या ओळी संगणक सुरू होतानाच वाचेल अशा फायलीत लिहून ठेवल्या. मग केबल काढून बघितली, वाकलेली पिन अण्णांना दाखवली आणि नवी केबल लावली. "आता हा स्वतःच बोलेल. त्या ओळी आपल्या असू द्या."

अण्णांनी फूल नव्याने काढले. रविवारी संध्याकाळी नमुना मागावरून उतरला. अण्णांनी नागप्पाशेठना झाकणाची सगळी हकिकत सांगितली. शेठनी अण्णांच्या पिशवीतून स्वतःच्या हाताने डबा काढला, झाकण फुलाच्या मधल्या चकतीवर ठेवले. सगळीकडून सारखे बसले.

"अण्णा," शेठ झाकणाकडेच बघत म्हणाले, "मी आधी मशीन बघायला पायजे हुतं."

"मी बी," अण्णा म्हणाले.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. तुमच्या घरी, शाळेत माझे भाऊबंद असतील. त्यांची केबल दामटू नका, अलगद बसवा. त्यांना त्यांचे खरे माप द्या, ते लिहून ठेवा. आणि काम बिघडले तर माणसाच्या डोळ्यांवर बोट ठेवण्याआधी एकदा आमच्यावर झाकण धरून बघा.

अण्णा अजून रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एक वर्तुळ काढून झाकण धरतात. माझ्या काचेवर तिथे चटणीच्या तेलाचा गोल डाग पडतो. मग ते मऊ कोरड्या फडक्याने तो पुसतात आणि खुर्ची पुढे ओढतात.